हार्वर्डच्या दारातली जनसुनावणी

हार्वर्ड विद्यापीठातल्या जीवशास्त्राच्या जुन्या इमारतीला मुंग्यांनी हैराण केलं होतं. दाराशी ब्राँझचे दोन भलेमोठे गेंडे उभे, आणि आत भिंतींच्या फटींतून, पाइपांच्या कडेकडेने बारीक पिवळसर मुंग्यांचा राबता. किती उपाय केले तरी त्या हटेनात. १९७६ साली विद्यापीठाने याच इमारतीत जनुकांची जोडाजोड करण्यासाठी कडक बंदोबस्ताची प्रयोगशाळा काढायचं ठरवलं, तेव्हा विभागातल्याच काही प्राध्यापकांनी हरकत घेतली. जिथे मुंगी आवरत नाही, तिथे जिवाणू कसा आवरणार?

हरकत घेणाऱ्यांत रूथ हबर्ड होत्या आणि त्यांचे पती जॉर्ज वाल्डही होते. वाल्ड हे १९६७चे नोबेल मानकरी, त्यामुळे त्यांना अडाणी म्हणून झटकून टाकण्याची सोय नव्हती. प्रयोगशाळेच्या बाजूने मार्क टाश्नी हे तरुण, धडाडीचे शास्त्रज्ञ होते. भांडण एकाच विभागातलं होतं आणि एरवी ते तिथेच धुमसत राहिलं असतं. पण बोस्टनमधल्या एका साप्ताहिकाने जूनमध्ये बातमी फोडली आणि प्रकरण केंब्रिजच्या नगर परिषदेपुढे गेलं. पुढचे सात महिने मॅसॅच्युसेट्समधलं हे लाखभर वस्तीचं शहर रेणूजीवशास्त्रावर वाद घालत होतं.

विज्ञान आणि समाज या विषयावरचे परिसंवाद आपल्याला नवे नाहीत. व्यासपीठावर पाच तज्ज्ञ, निवेदकाची लांबलेली प्रस्तावना, पाचव्या वक्त्यापर्यंत निम्मा रिकामा झालेला हॉल आणि शेवटी ‘वेळेअभावी दोनच प्रश्न घेऊ’. अमेरिकेतही फार वेगळं नसतं. शाल-श्रीफळ नसतं एवढंच. न्यूयॉर्कच्या हेडन तारांगणात आयझॅक असिमॉव्ह यांच्या नावाने होणाऱ्या वार्षिक वादसभेची तिकिटं हातोहात खपतात, आणि ती ऐकायला मजाही येते. पण तिथे टाळ्यांपलीकडे काही ठरत नाही. केंब्रिजमध्ये ठरवायचं होतं.

मुळात भीती होती कशाची? १९७३मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी एका जीवाचा डीएनए दुसऱ्याच्या डीएनएला जोडून तो इ-कोलाय या जिवाणूत घालण्याची सोपी रीत दाखवली. इ-कोलाय राहतो माणसाच्या आतड्यात. उद्या कुणी कर्करोगाशी संबंधित विषाणूचा तुकडा त्यात बसवला आणि तो जिवाणू प्रयोगशाळेतून निसटून कुणाच्या पोटात मुक्कामाला गेला, तर? ही शंका आधी शास्त्रज्ञांनाच आली, याचं श्रेय त्यांच्या पदरात घालायला हवं. पॉल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४च्या जुलैमध्ये जाहीर पत्र लिहून काही प्रयोग थांबवण्याचं आवाहन केलं, आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी ते मानलं. फेब्रुवारी १९७५मध्ये कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी असिलोमार इथे दीडशेच्या आसपास मंडळी जमली. धोक्याच्या पायऱ्या ठरवून त्या-त्या प्रयोगाला तेवढा बंदोबस्त, असं तत्त्व तिथे निघालं.

असिलोमारचं कौतुक आजही होतं. पन्नास वर्षांनी, फेब्रुवारी २०२५मध्ये, त्याच जागी पुन्हा परिषद भरली. कौतुक योग्यच आहे. तरी एक खोट होती. बोलावलेले जवळजवळ सगळे शास्त्रज्ञ होते, जोडीला थोडे वकील आणि पत्रकार. जैविक अस्त्रं आणि नैतिकतेचे प्रश्न विषयपत्रिकेतून मुद्दाम वगळलेले. आणि ज्यांच्या गल्लीत हे प्रयोग होणार, त्यांच्यापैकी कुणीच नाही.

त्या गल्लीतला माणूस म्हणजे अल्फ्रेड वेलुची. पूर्व केंब्रिजच्या इटालियन कष्टकरी वस्तीतला हा राजकारणी त्या वर्षी महापौर होता. हार्वर्डशी त्याचं जुनं वाकडं. विद्यापीठाचं ऐतिहासिक प्रांगण फरसबंद करून तिथे गाड्या लावायची सोय करावी, असा प्रस्ताव त्याने पूर्वी मांडला होता. २३ जून १९७६च्या संध्याकाळी त्याने नगर परिषदेची जाहीर सुनावणी लावली. योगायोग असा, की प्रयोगांसाठीची सरकारी नियमावली राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जाहीर केली ती त्याच दिवशी.

सभागृह खचाखच भरलेलं, टीव्हीचे दिवे डोळ्यांवर. सुरुवातीला शाळकरी मुलांच्या गायकवृंदाने देशभक्तीचं गाणं म्हटलं. मग वेलुचीने शास्त्रज्ञांना बजावलं, की इथे आम्ही सगळे सामान्य लोक आहोत, आद्याक्षरांची परिभाषा नको, कळेल असं बोला. त्यानंतर प्रश्नांची सरबत्ती. या प्रयोगांत काडीचाही धोका नाही याची शंभर टक्के हमी देता का? विज्ञानाच्या इतिहासात चुका झाल्या आहेत की नाहीत? शास्त्रज्ञांचा अंदाज कधी चुकतो की नाही? अपघात होतात की नाही? हेच प्रयोग ओसाड जागी केले तर जास्त सुरक्षित नाहीत का?

प्रामाणिक शास्त्रज्ञाला यातल्या पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणता येत नाही आणि मधल्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही. वेलुचीला ते पक्कं ठाऊक होतं. हा कोर्टातला डाव होता, पण निव्वळ डाव नव्हता. शंभर टक्के हमी देता येत नसेल, तर उरलेल्या धोक्याला संमती कुणी द्यायची, हा मुद्दा त्या आडदांड प्रश्नांनी टेबलावर आणला. सभ्य परिसंवादात तो आला असता असं मला वाटत नाही.

वेलुचीची थट्टा करायला जागा भरपूर आहे. पुढल्या वर्षी त्याने राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अध्यक्षांना पत्र धाडलं, की नारिंगी डोळ्यांचा एक विचित्र प्राणी आणि नऊ फुटी केसाळ प्राणी आसपासच्या गावांत दिसल्याच्या बातम्या आहेत, त्यांचा जनुकांच्या प्रयोगांशी काही संबंध आहे का ते तपासा. वर्तमानपत्रांना महिनाभराचा खुराक मिळाला. पण वेलुचीने आरडाओरडा केला नसता तर पुढचं घडलं नसतं, आणि खरी गोष्ट पुढची आहे.

७ जुलैच्या दुसऱ्या सुनावणीनंतर परिषदेने बंदी घातली नाही. वरच्या पातळीचे प्रयोग तीन महिने थांबवा, असं विद्यापीठांना सांगितलं. मुदत नंतर वाढली. दरम्यान शहर व्यवस्थापकाने आठ नागरिकांचं मंडळ नेमलं. अध्यक्ष डॅनियल हेज हे घरगुती इंधनतेलाचे व्यापारी आणि माजी महापौर. बाकीच्यांत एक रोमन कॅथलिक जोगीण, एक परिचारिका, एक डॉक्टर, एक बांधकाम अभियंता, एक माजी नगरसेविका, एक वस्तीतली कार्यकर्ती आणि टफ्ट्स विद्यापीठातले शेल्डन क्रिम्स्की हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. रेणूजीवशास्त्रज्ञ एकही नाही. हे मुद्दाम केलेलं होतं.

ही माणसं ऑगस्टपासून आठवड्यातून साधारण दोनदा संध्याकाळी बसत. दिवसाची नोकरी-धंदा करून शंभरावर तास त्यांनी यात घातले. सुरुवातीला डोक्यावरून जात होतं. पी-१ ते पी-४ या बंदोबस्ताच्या पायऱ्या. पी-३ म्हणजे हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेली, दुहेरी दारांची खोली, जिथून हवा आपसूक बाहेर जाणार नाही. शिवाय जिवाणूच पंगू करून ठेवायचा. अलाबामात रॉय कर्टिस यांनी असा एक इ-कोलाय घडवला होता, ज्याला प्रयोगशाळेत हाताने भरवलेली रसायनं मिळाली नाहीत तर तो मरतो आणि आतड्यातल्या पित्तक्षारांपुढे टिकत नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होत होती, म्हणून ‘काय’ या ग्रीक अक्षरापुढे ते साल लावून त्याचं नाव ठेवलं ‘काय-१७७६’. जगण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणाऱ्या जिवाणूला स्वातंत्र्याचं साल! शास्त्रज्ञांनाही विनोद कळतो.

मंडळाने दोन्ही बाजूंची माणसं बोलावली, प्रयोगशाळा पाहिल्या. नोव्हेंबरमध्ये त्यांनी चक्क न्यायालयासारखी बैठक घेतली. दोन्ही पक्षांचे शास्त्रज्ञ समोरासमोर, त्यांनी एकमेकांची उलटतपासणी करायची आणि या आठ जणांनी पंच म्हणून ऐकायचं. नोबेलच्या वजनाला तिथे किंमत नव्हती. उत्तर पटलं नाही तर तेलाचा व्यापारी पुन्हा विचारत असे.

जानेवारी १९७७मध्ये अहवाल आला, एकमताचा. प्रयोगांना परवानगी द्यावी, पण सरकारी नियमांच्या वर आणखी अटी घालून. पी-३ पातळीवर पंगू केलेलेच जिवाणू वापरायचे, काम करणाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं, जिवाणू निसटतात का यावर लक्ष ठेवायचं, आणि शहराची स्वतःची देखरेख समिती हवी. अशा संशोधनातले धोके-फायदे तोलण्याचं काम वैज्ञानिकांच्या आतल्या वर्तुळाने आपसांत उरकू नये, हे अहवालाने सुरुवातीलाच स्पष्ट केलं. ७ फेब्रुवारीला परिषदेने त्याचा कायदा केला. जनुकांच्या जोडाजोडीवर अमेरिकेत झालेला हा पहिला स्थानिक कायदा. वॉशिंग्टनमध्ये त्याच वर्षी विधेयकांवर विधेयकं मांडली गेली. एकही तडीस गेलं नाही.

निकाल ऐकून दोन्ही बाजू थोड्या नाराज होत्या. वाल्ड-हबर्ड यांना बंदी हवी होती, तर टाश्नींच्या बाजूला देखरेखीचा जाच वाटत होता. शहरातून संशोधन पळून जाईल असंही बोललं गेलं. झालं उलट. नियम काय आहेत, परवाना कुणाकडे मागायचा, हे केंब्रिजमध्ये स्पष्ट होतं, आणि कंपनीला अनिश्चिततेइतकं दुसरं काही डाचत नाही. १९८१मध्ये कायदा व्यापारी कंपन्यांनाही लागू केला, पाठोपाठ हार्वर्डच्या वॉल्टर गिल्बर्ट यांची बायोजेन तिथे आली. आज केंडल स्क्वेअर स्टेशनातून बाहेर पडलं की जैवतंत्रज्ञानाच्या इमारती नजर जाईल तिथवर आहेत, आणि त्यांत काम करणारी देशपांडे-कुलकर्णी-पाटील मंडळीही कमी नाहीत. शहराची समिती आजही परवाने देते.

या मंडळाचीही एक मर्यादा होती. त्यांनी स्वतःला एकच प्रश्न घालून घेतला: जिवाणू बाहेर पडून लोकांच्या जिवाला अपाय होईल का? जनुकांत हात घालावा का, त्यातला पैसा कुणाकडे जाणार, या वाटेला ते गेले नाहीत. गेले असते तर कदाचित अजूनही बसलेले असते. पण वेलुचीच्या पूर्व केंब्रिजमधल्या भाडेकरूंना अखेर जिवाणूने काही केलं नाही, घरभाड्यांनी केलं.

लोकांना विचारून ठरवण्याचे त्यानंतरचे अमेरिकी प्रयत्न फार कमी ठिकाणी इतके खोल गेले. फ्लोरिडात जनुक बदललेले डास सोडण्यावर नोव्हेंबर २०१६मध्ये थेट मत घेतलं गेलं. ज्या ‘की हेवन’ वस्तीत डास सोडायचे होते तिने ६५ टक्क्यांनी नकार दिला, आणि सबंध मन्रो काउंटीने ५८ टक्क्यांनी होकार. डास अखेर २०२१मध्ये दुसऱ्या वस्त्यांत सुटले. मत मोजलं, पण कुणी कुणाची उलटतपासणी केली नाही. एमआयटीचे केव्हिन एसव्हेल्ट यांनी मात्र गोचिडीतून पसरणाऱ्या लाइम रोगाला आळा घालणारे उंदीर बनवण्याआधीच नँटकेट बेटावरच्या रहिवाशांना गाठलं, आणि परक्या जातीचं जनुक नको, उंदराचंच वापरा, हा त्यांचा कल मानून आराखडा बदलला.

आणि आपल्याकडे? जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वांग्याला, म्हणजे कीड रोखण्यासाठी जनुक बदललेल्या वांग्याला, केंद्रीय समितीने ऑक्टोबर २००९मध्ये हिरवा कंदील दाखवला, तेव्हा पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तो निर्णय रोखून सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यांतली एक जानेवारी २०१०मध्ये नागपूरला झाली. मंत्री स्वतः माइकसमोर बसले, घोषणा झेलल्या, शेतकऱ्यांपासून बियाणे कंपन्यांपर्यंत सगळ्यांचं ऐकलं. सातही ठिकाणी मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं आली. आपल्या लोकशाहीत असं क्वचित घडतं आणि त्याची आठवण ठेवली पाहिजे. पण ९ फेब्रुवारीला जी स्थगिती आली, ती केंब्रिजच्या जुलैमधल्या स्थगितीसारखी होती. फरक इतकाच, की तिच्यानंतरचा ऑगस्ट उजाडला नाही. विदर्भातला एखादा कापूस उत्पादक, एखादी परिचारिका, एखादा अडत्या यांना एकत्र बसवून सहा महिने कागद वाचायला दिले नाहीत. बांगलादेशात तेच वांगं २०१४पासून शेतात आहे. आपल्याकडे ना परवानगी, ना कायमचा नकार.

जून २०१९मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेच्या झेंड्याखाली हजाराच्या वर शेतकरी जमले आणि त्यांनी परवानगी नसलेला, तणनाशक सहन करणारा एचटीबीटी कापूस आणि बीटी वांगं उघडपणे लावलं. बियाणं कुठलं, त्यात नेमकं काय आहे, शेजारच्या शेताला त्यापासून काय, यांतलं काहीही कुणी तपासून दिलेलं नव्हतं. गुन्हे तेवढे नोंदले गेले.