दोन कुलपांची पेटी

केमोथेरपीत केस गळतात, तोंड येतं, रक्तपेशी घटतात. कारण ही जहाल औषधं निरोगी पेशींनाही सोडत नाहीत. आपला-परका ओळखून मगच उघडणारी औषधाची पेटी करता येईल का, याचा शोध घेताना मी डीएनएच्या घडीकामापाशी येऊन थांबलो.

पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात गेलेल्या नेड सीमन यांनी 1982 मध्ये डीएनएपासून रचना बांधण्याची कल्पना मांडली. 2006 मध्ये कॅलटेकच्या पॉल रोथेमुंड यांनी एका विषाणूचा सात हजारांहून अधिक रासायनिक अक्षरांचा डीएनए-धागा दोनशेहून जास्त आखूड धाग्यांनी जागोजागी बांधून हवे ते आकार घडवले. अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या असल्यामुळे मिश्रण तापवून सावकाश निववलं की घडी आपली आपण पडते.

मला खिळवून ठेवलं ते 2012 मध्ये हार्वर्डच्या विस इन्स्टिट्यूटमध्ये शॉन डग्लस, इदो बाशेले आणि जॉर्ज चर्च यांनी केलेल्या पेटीनं. षटकोनी पिंपासारखी, जेमतेम 45 नॅनोमीटर लांब. आत प्रतिपिंडांचे तुकडे, बाहेर दोन कुलपं. प्रत्येक कुलूप म्हणजे एकमेकांना धरून बसलेले दोन धागे. त्यातल्या एकाला पेशीवरचं ठरावीक प्रथिन भेटलं, की तो जोडीदाराला सोडून त्या प्रथिनाला बिलगतो. दोन्ही कुलपं सुटली तरच पेटी उघडते. एखादं प्रथिन निरोगी पेशीवरही सापडतं. म्हणून दुहेरी खात्री. ओळखणं आणि औषध देणं, दोन्ही कामं एकाच हालचालीत होतात. अशी अक्कल रेणूंच्या बांधणीतच बसवणाऱ्यांना माझा मनापासून सलाम.

पण तो प्रयोग प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचा होता. 2018 मध्ये चिनी आणि अमेरिकी संशोधकांनी डीएनएच्या नळीतून रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन नेऊन उंदरांच्या गाठींचा रक्तपुरवठा तोडला. 2024 मध्ये स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेनं गाठीभोवतीच्या आम्लतेत उघडणारी रचना केली; उंदरांत गाठींची वाढ 70 टक्क्यांपर्यंत घटली.

माणसाचं शरीर मात्र सहज दाद देत नाही. रक्तातली विकरं डीएनए कुरतडतात. घडी टिकायला लागणारं मॅग्नेशियम रक्तात पुरेसं नसतं. यकृत अशा रचना टिपून बाजूला काढतं, प्रतिकारशक्ती परका डीएनए ओळखते. संरक्षक लेप द्यावा, तर कुलूपच झाकलं जाण्याचा धोका. शिवाय कर्कपेशी बदलत राहतात. ज्या प्रथिनावर भरवसा ठेवला तेच त्या टाकून देऊ शकतात. उंदरापुरतं बनवणं वेगळं आणि रुग्णाला पुरेल इतकं, दर वेळी त्याच दर्जाचं बनवणं वेगळं.

म्हणून ‘नॅनोरोबो कर्करोग संपवणार’ असे मथळे पाहिले की काळजी वाटते. घरात रुग्ण असलेला माणूस अशी बातमी आशेनं वाचतो. प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर, हे त्याला पहिल्याच ओळीत कळलं पाहिजे.