वीज गेली आणि दादा अडकले

आमच्या घरातला कॉम्प्युटर दादांचा. दादा म्हणजे माझे सासरे. शाळेतून निवृत्त झाल्यावर, ऐंशीच्या घरात असताना ते एका बोटाने मराठी टाइप करायला शिकले आणि आपल्या आठवणी लिहू लागले. ते गेले, कॉम्प्युटर राहिला. विजेची बिलं भरायची, रेल्वेची तिकिटं काढायची, एवढंच त्यावर आमचं काम. आठवणींची दुसरी प्रत काढून ठेवावी असं दर दिवाळीला ठरायचं आणि पुढल्या दिवाळीवर जायचं.

२०२५च्या मे महिन्यात पडद्यावर चौकट आली: उबुंटूची नवी आवृत्ती तयार आहे, घ्यायची का? बावीस-शून्य-चारवरून चोवीस-शून्य-चारवर जायचं होतं. मी ‘हो’ म्हटलं आणि कुकर लावायला गेले. तासाभराने वळवाचा पाऊस आला आणि वीज गेली. यूपीएस एकदा ‘पीं’ करून गप्प झाला. त्याची बॅटरी केव्हाच संपली होती, आणि ते मला माहीत होतं!

वीज आल्यावर पडदा काळा, डाव्या कोपऱ्यात पांढरी रेघ लुकलुकतेय. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला म्हणाला, “फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा.” मी विचारलं, “आतलं लिखाण?” तो म्हणाला, “ते जाणार.” मी पिशवी उचलली आणि घरी आले.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामी, आजोबांचं लिखाण जागेवरच असणार. अपग्रेड माणसांच्या फायलींना हात लावत नाही, फक्त यंत्रणेचे भाग बदलतं.” मग त्याने समजावलं. आधी शेकडो पॅकेजं उतरवली जातात, मग उलगडून जागेवर ठेवली जातात, आणि शेवटी एकेक नीट बसवलं जातं. वीज गेली तेव्हा काही बसली होती, काही नुसतीच उलगडून पडली होती. घर बदलताना टेम्पो मध्येच बंद पडावा, तसं. पण कुठलं पॅकेज कुठपर्यंत आलं याची नोंदवही डिस्कवर असते.

तरी त्याने पहिलं काम वेगळंच सांगितलं. त्याने मागे ड्रॉवरमध्ये एक पेनड्राइव्ह ठेवून दिला होता, त्यावरच अख्खी उबुंटू. कॉम्प्युटर त्यावरून सुरू केला, डिस्क उघडली आणि दादांचा फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवला. दिवाळ्यांमागून दिवाळ्या राहिलेलं काम पाच मिनिटांत झालं. माझे हात तोवर गार पडले होते.

मग दुरुस्ती. सुरू होताना येणाऱ्या यादीतून जुना कर्नल निवडायचा, त्यातला ‘रिकव्हरी मोड’, मग ‘रूट’. डिस्क इथे नुसती वाचण्यापुरती उघडलेली असते, म्हणून आधी तिच्यावर लिहिण्याची परवानगी द्यायची. मग खरा हुकूम. तो फोनवर एकेक अक्षर सांगत होता: डीपीकेजी, मोकळी जागा, दोन आडव्या रेघा, कॉन्फिगर, पुन्हा जागा, एक रेघ, ए. “ए म्हणजे राहिलेली सगळी,” तो म्हणाला. मी मोकळी जागा विसरले, ओरडा खाल्ला, पुन्हा टाइप केलं. पडद्यावरून ओळी धावू लागल्या. मध्ये एक-दोन पॅकेजं अडली, कारण त्यांना लागणारी दुसरी पॅकेजंच आली नव्हती. त्यासाठी ‘फिक्स-ब्रोकन’चा हुकूम, आणि पहिला हुकूम परत एकदा. हे सगळं होईस्तोवर रात्रीचे साडेअकरा वाजले. यांनी वरणभात स्वतःच वाढून घेतला होता.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. नेहमीचा पडदा, नेहमीचा आवाज.

मी दादांची फाईल उघडली. एकशे बारा पानं. शेवटच्या पानावर १९७२चा दुष्काळ, शाळेतल्या मुलांना वाटायची सुकडी, आणि त्या दिवशी उशिरा आलेला ट्रक. वाक्य तिथेच अर्धं थांबलेलं. फोनवर भाचा विचारत होता, “मामी, आहे ना सगळं?”

“आहे रे,” मी म्हटलं, “जेवढं लिहिलं होतं तेवढं आहे.”