शेवाळ कुठल्या बाजूला?

शेवाळ भिंतीच्या उत्तर बाजूला दाट वाढतं, रानात वाट चुकलात तर त्यावरून दिशा ओळखा, हा सल्ला स्काउटच्या पुस्तकांपासून साहसकथांपर्यंत सगळीकडे सापडतो. नववी-दहावीतल्या मुलाला विचारलं तर तो कारणही सांगेल: उत्तरेकडे ऊन कमी, म्हणून ओल जास्त, म्हणून शेवाळ जास्त. उत्तर इतकं नेटकं आहे की परीक्षेत त्याचा अर्धा गुणही कुणी कापणार नाही. पण ते पन्हाळ्याच्या तटाला लागू पडतं का, हा प्रश्न उत्तर देणाऱ्याच्या मनात आलेला नसतो.

जुलैमधला पन्हाळा ज्याने पाहिला आहे त्याला वेगळं सांगायला नको. तट, बुरूज, पायऱ्यांच्या कडा, बंगल्यांची कुंपणं. जिथे दगड तिथे हिरवं. शाळेतल्या जीवशास्त्राची उजळणी करायला कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर यापेक्षा बरी प्रयोगशाळा मला माहीत नाही, आणि हिला कुलूपही नसतं.

पन्हाळा साधारण 16.8 अंश उत्तर अक्षांशावर आहे. कर्कवृत्त त्याच्या बरंच उत्तरेला, साडेतेवीस अंशांच्या जवळ. त्यामुळे वर्षातून दोनदा, मे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, भरदुपारी सूर्य इथे थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला कललेला असतो. लंडनमध्ये असं कधीच घडत नाही. तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला, उत्तरेची भिंत दुपारी कायम सावलीत. शेवाळाचा तो नियम तिकडच्या भिंतींचा आहे. आपण तो कारणासकट पाठ केला.

म्हणून लगेच उलटा नियम करायला जाऊ नये. 21 जूनलाही पन्हाळ्यावर दुपारचा सूर्य उत्तरेला कलतो तो जेमतेम साडेसहा अंश. उभ्या भिंतीला त्याचा फारसा फरक पडू नये, आणि जून-जुलैत गडावर सूर्य दिसतो तरी कितीदा? उलट पाऊस येतो तो नैऋत्येच्या वाऱ्यावर, तिरपा. तटाच्या ज्या अंगावर तो थेट आपटतो ते अंग जास्त वेळ भिजलेलं राहणार. आता आपल्या हातात दोन दावे झाले. एक म्हणतो, सावली ठरवते, तेव्हा उत्तरेला बघा. दुसरा म्हणतो, पावसाचा मारा ठरवतो, तेव्हा नैऋत्येला बघा. दोन्ही दावे एकाच भिंतीविषयी वेगवेगळं भाकीत करतात. तिथे जाऊन मोजलं की निदान एक तरी अडचणीत येईल. असं चुकू शकणारं विधान म्हणजे गृहीतक. जे कशानेही खोटं ठरू शकत नाही ते मत असतं, आणि प्रयोगवहीत त्याला जागा नाही.

प्रयोगवहीचा विषय निघालाच आहे तर बोलून घेऊ. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, हे चार मथळे महाराष्ट्रात शिकलेल्या प्रत्येकाने पट्टीने अधोरेखित करून लिहिले आहेत. त्यातलं ‘निरीक्षण’ किती जणांनी प्रयोगानंतर लिहिलं, हा प्रश्न जरा नाजूक आहे. दहावीला विज्ञानाच्या दोन लेखी भागांना 40-40 आणि प्रात्यक्षिकाला 20 गुण असतात. ते वीस पदरात पडावेत म्हणून गेल्या वर्षीच्या वहीवरून निरीक्षणं उतरवली जातात. सूक्ष्मदर्शकाखाली न पाहिलेली पर्णरंध्रं पुस्तकातल्या आकृतीसारखी अगदी सुबक येतात. खरी पर्णरंध्रं पाहिलेल्या मुलाची आकृती जरा वेडीवाकडी असते, एखाद्या कोपऱ्यात हवेचा बुडबुडाही असतो. मी परीक्षक असतो तर बुडबुड्याला गुण दिले असते.

आता तटापाशी जाऊ. ‘इथे शेवाळ जास्त दिसतं’ हे निरीक्षण नाही, तो अंदाज आहे. निरीक्षणाला आकडा लागतो. पुठ्ठ्याची एक चौकट करायची, आतल्या बाजूने 25 सेंटिमीटर चौरस. तिच्यावर दर अडीच सेंटिमीटरला उभे-आडवे नऊ-नऊ दोरे ताणले की शंभर घरं होतात. चौकट भिंतीला नुसती टेकवायची आणि निम्म्याहून जास्त हिरवी असलेली घरं मोजायची. आलेली संख्या म्हणजे थेट टक्केवारी. सर्व्हेवाल्यांचं यंत्र नको, की भिंत खरवडायला नको.

खरी डोकेफोड पुढे आहे. चौकट कुठे टेकवायची? मुलं हमखास हिरव्यागार जागी टेकवतात, कारण तिथे मोजायला काहीतरी असतं. तसं केलं तर निकाल आधीच ठरला. म्हणून तटाच्या कडेने किती पावलं चालून थांबायचं, हे फाशाने किंवा चिठ्ठ्या टाकून ठरवावं आणि मग तिथे नुसता कोरडा दगड आला तरी तोच मोजावा. शून्य ही पण नोंद आहे. चौकट जमिनीपासून दर वेळी सारख्या उंचीवर हवी, कारण पायथ्याच्या दगडाला जमिनीची ओलही मिळते. वर झाडाची फांदी आली असेल तर ती जागा सोडावी किंवा तशी नोंद करावी. दगड कुठला, हेही लिहावं. हा डोंगर माथ्याशी जांभ्याचा आहे. सच्छिद्र जांभा पाणी धरून ठेवतो, घडीव काळ्या दगडावरून ते ओघळून जातं. एका बाजूला जांभा आणि दुसऱ्या बाजूला काळा दगड असताना दिशेची तुलना केली तर मोजलेला फरक दिशेचा आहे की दगडाचा, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दिशा हे आपलं स्वतंत्र चल, हिरव्या घरांची संख्या हे अवलंबी चल, आणि उंची, सावली, दगड, चुन्याची किंवा सिमेंटची डागडुजी ही सगळी सारखी ठेवायची चलं. पाठ्यपुस्तकातली ही नावं भिंतीशी उभं राहून उच्चारली की पुन्हा पाठ करावी लागत नाहीत.

किती चौकटी पुरेत? दोन-तीन नक्कीच नाहीत. इथे मेंडेलला बोलवावं. ‘3:1’ हे गुणोत्तर मुलांना तोंडपाठ असतं, पण मेंडेलच्या हाती आलेले आकडे फार थोड्यांनी पाहिलेले असतात. 1866 मध्ये छापलेल्या त्याच्या निबंधात दुसऱ्या पिढीतले गोल वाटाणे 5,474 आणि सुरकुतलेले 1,850 आहेत. भागाकार येतो 2.96. सात हजारांहून अधिक वाटाणे मोजूनही नेमके तीन आले नाहीत, आणि त्याने ते आले असं लिहिलंही नाही. चारच वाटाणे उचलले असते तर चारही गोल निघणं मुळीच नवलाचं नव्हतं. प्रत्येक बाजूला निदान वीस-पंचवीस चौकटी झाल्या, तीन गटांनी एकमेकांचं न बघता मोजल्या आणि तरी कल एकच आला, तर त्यावर बोलण्यात अर्थ आहे.

मोजता मोजता वर्गीकरणाचा धडा आपोआप होतो. आपण सरसकट शेवाळ म्हणतो त्यात दगडावरचा निसरडा हिरवा थर शैवालाचा, म्हणजे थॅलोफायटातला. मखमलीसारखा उभा दिसतो तो मॉस, ब्रायोफायटा. याला पाणी वाहून नेणाऱ्या नलिका नाहीत, आणि फलनासाठी पुंयुग्मकाला पाण्यातून पोहत जावं लागतं. ‘वनस्पतिसृष्टीतले उभयचर’ हे नाव त्यासाठीच. दोन चिऱ्यांच्या फटीत नेचं दिसेल, ते टेरिडोफायटा. आणि तटाला खरा धोका असतो तो पिंपळाच्या रोपाचा, आवृत्तबीजी. पक्ष्याच्या विष्ठेतून आलेलं बी मूळ धरतं आणि चिरे सरकवतं. राखाडी पापुद्र्यासारखं दिसतं ते दगडफूल, मसाल्यातल्या दगडफुलाचं भाऊबंद. ते एक वनस्पती नव्हेच, कवक आणि शैवाल यांचा एकत्र संसार आहे. अनावृत्तबीजी तेवढे भिंतीवर मिळणार नाहीत. कुंपणातला सुरू दाखवून कुणी ‘हा बघा’ म्हणालं तर फसू नका; दिसतो पाइनसारखा, पण आहे आवृत्तबीजीच.

तीन दरवाजापाशी अंधारबाव आहे. तीन मजली बांधणीची ही विहीर उतरताना प्रकाश पायरीपायरीने कमी होतो. मोबाइलमधल्या प्रकाशमापकाने तो मोजता येतो. यंत्र फार अचूक नसेल, पण एकाच फोनने मोजलं तर वर-खालची तुलना चालते. ओल सगळीकडे, दगड बराचसा एकसारखा, बदलतो तो मुख्यतः उजेड. हिरवा थर कुठल्या पायरीवर संपतो हे पाहणं म्हणजे प्रकाशसंश्लेषणाचा धडा पायांनी वाचणं. तटापेक्षा हा प्रश्न सोपा आहे, कारण इथे बाकीची चलं निसर्गाने आणि बांधणाऱ्यांनी आधीच आवरून ठेवली आहेत.

वर्गातला आयोडीनचा जुना प्रयोगही याच कारणासाठी सुंदर आहे, आणि ते कारण क्वचित सांगितलं जातं. कुंडी अंधारात ठेवायची, पानाचा थोडा भाग काळ्या कागदाने झाकायचा, मग उन्हात ठेवून, अल्कोहोलमध्ये हरितद्रव्य काढून आयोडीन टाकायचं. झाकलेला आणि उघडा भाग एकाच पानाचे आहेत. वय, पाणी, जात, सगळं सारखं. वेगळा आहे तो उजेड. इतका चोख तुलनेचा संच पुढे महाविद्यालयातही सहजी मिळत नाही.

पन्हाळ्यावरून पश्चिमेला मसाई पठार लागतं. बाजीप्रभूंच्या पावनखिंडीची आठवण ठेवून चालणारी मंडळी त्यावरूनच विशाळगडाकडे जातात. जांभ्याच्या या सड्यावर माती जेमतेम बोटभर, आणि तीही नत्राला महाग. म्हणून इथे दवबिंदूसारखी वनस्पती चिकट केसांवर किडे धरते आणि सीतेची आसवं मातीखालच्या इवल्या फुग्यांत सूक्ष्म जीव ओढून घेते. मुलं म्हणतात, या वनस्पती ‘मांसाहारी’ असल्याने त्यांना प्रकाशसंश्लेषण लागत नसणार. लागतं. ऊर्जा त्यांना उन्हातूनच मिळते, किड्यांकडून त्या नत्र आणि स्फुरद घेतात. सजीवांतील जीवनप्रक्रियांचा धडा नीट कळला आहे का, हे तपासायला यापेक्षा चांगला प्रश्न सुचत नाही.

त्याच वाटेच्या शेवटी, विशाळगडावर, कोल्हापूरच्या न्यू कॉलेजच्या संशोधकांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कंदीलपुष्पाची एक वेगळी जात आढळली. 2023 मध्ये ‘फायटोटॅक्सा’ या नियतकालिकात ती जगासमोर आली, शिवाजी महाराजांच्या नावाने: सेरोपेजिया शिवरायीना. बातमीत शोध एका ओळीत लागतो. प्रत्यक्षात फूल वेगळं वाटणं ही फक्त सुरुवात असते. मग पाकळ्या, केस, देठ मोजायचे, माहीत असलेल्या जवळच्या जातींशी एकेक ताडून पाहायचे, नमुना वनस्पतिसंग्रहात ठेवायचा, आणि लेख अनोळखी तज्ज्ञांच्या हाती तपासायला द्यायचा. इथे एक मोठी सोय कोल्हापूरकरांनी स्वतःच करून ठेवली होती. शिवाजी विद्यापीठाचे श्रीरंग यादव आणि त्यांचे सहकारी सरदेसाई यांनी 2002 मध्ये जिल्ह्याच्या वनस्पतींचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला होता. इथे काय आहे याची अशी नोंद हाताशी असली की ‘हे त्यात नाही’ असं म्हणण्याला वजन येतं. कंदीलपुष्प परागणही गंमतशीर करून घेतं. माशी नळीत शिरते, खाली वळलेले केस तिला बाहेर पडू देत नाहीत, आणि ते केस सुकले की परागांसह तिची सुटका होते.

अशा कामाला शाळेच्या चौकटीत वाव नाही, असं मात्र नाही. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत गावातला प्रश्न घेऊनच जावं लागतं आणि होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत कृतिसंशोधनाचा प्रकल्प असतो. तिथे पोचणाऱ्या प्रकल्पांत ज्वालामुखीच्या प्रतिकृती कमी आणि मोजलेल्या भिंती जास्त असाव्यात, एवढीच माझी इच्छा.

तटाची मोजणी जुलैत एकदा करून भागणार नाही. जानेवारीत, सराव परीक्षांच्या सुमाराला, त्याच जागी त्याच चौकटी पुन्हा टेकवाव्यात. तेव्हा पाऊस नसतो आणि दुपारचा सूर्य दक्षिणेकडून, साधारण पन्नास अंशांवरून, दक्षिणेच्या भिंतीला तापवत असतो. तोवर मॉस वाळून तपकिरी झालेला असेल. तो मेला आहे असं नाही, पाणी शिंपडलं तर पुष्कळदा पुन्हा हिरवा होतो. म्हणून वाळलेला मॉस घरांत धरायचा की नाही, हे जुलैतच ठरवून वहीत लिहून ठेवायचं. तट संरक्षित स्मारक आहे आणि जुलै 2025 पासून जागतिक वारशाच्या यादीतही, तेव्हा खडूच्या खुणा नकोत. जागा पावलांनी आणि छायाचित्रांनी लक्षात ठेवायच्या. बुरुजांच्या कडेला, निसरड्यावर चौकट टेकवायला कुणी चढायचं नाही.

माझं भाकीत असं: जुलैत नैऋत्येचं अंग पुढे असेल आणि जानेवारीत उत्तरेचं. दोन्ही वेळा एकच बाजू जिंकली तर ऋतूंवर रचलेलं हे सगळं स्पष्टीकरण कोसळलं, आणि मग पहिला संशय जांभ्यावर घ्यावा लागेल.