पत्त्याची पत

ईमेलवर पाठवणाऱ्याचं नाव काहीही घालता येतं. जॉन पोस्टेल यांनी 1982 साली मेलच्या वाहतुकीचे नियम, म्हणजे एसएमटीपी, लिहून काढले तेव्हा त्या नावाची शहानिशा करण्याची सोयच त्यात नव्हती. आयपी पत्त्याचं तसं नाही. संवाद सुरू व्हायचा तर समोरच्याचं उत्तर त्याच पत्त्यावर परत यावं लागतं. पत्ता खोटा असेल तर बोलणंच सुरू होत नाही. म्हणून मेल घेणारा सर्व्हर मजकुराआधी पत्त्याची चौकशी करतो.

रिव्हर्स डीएनएसमध्ये या पत्त्याला कोणतं नाव आहे आणि ते नाव फिरून याच पत्त्याकडे नेतं का? डोमेनच्या एसपीएफ नोंदीत, म्हणजे त्याच्या नावाने मेल पाठवायची परवानगी असलेल्या पत्त्यांच्या यादीत, तो आहे का? स्पॅमहाउससारख्या संस्थेच्या काळ्या यादीत तर नाही? फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने यातल्या डीएनएसच्या अटी साऱ्याच पाठवणाऱ्यांसाठी कडक केल्या.

एका सर्व्हरला अनेक आयपी पत्ते असू शकतात. बाहेर जाणारा मेल कोणत्या पत्त्यावरून निघावा हे व्यवस्थापकाने सांगितलं नाही, तर ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. ती राउटिंग टेबल पाहून मार्ग निवडते आणि बहुधा त्या मार्गावरचा मुख्य पत्ता लावून मोकळी होते. त्या पत्त्याची पत काय, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. त्यामुळे नेटवर्कची मांडणी बदलली, किंवा आयपीव्ही6 सुरू करताना रिव्हर्स नोंद करायची राहिली, की कालपर्यंत नीट पोहोचणारे मेल स्पॅममध्ये पडतात किंवा परत येतात.

पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ‘एसएमटीपी बाइंड ॲड्रेस’ या एका ओळीत पत्ता पक्का करता येतो. एक्झिम या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम ‘इंटरफेस’ करतं. मात्र सर्व्हर नॅटच्या, म्हणजे पत्ता बदलून बाहेर पाठवणाऱ्या राउटरच्या, मागे असेल, तर बाहेर दिसणारा पत्ता राउटर ठरवतो आणि बदल तिथेच करावा लागतो. ओटीपी आणि बिलं एका पत्त्यावरून, जाहिराती दुसऱ्यावरून पाठवणं शहाणपणाचं. जाहिरातींवरच्या तक्रारींचा डाग मग ओटीपीला लागत नाही. नव्या पत्त्यावरून मात्र पहिल्याच दिवशी हजारो मेल सोडू नयेत. संख्या हळूहळू वाढवावी.

सेटिंग बदलल्यावर बाहेरच्या एखाद्या खात्यावर मेल पाठवा आणि त्याचे ‘रिसीव्ह्ड’ हेडर उघडून पाहा. घेणाऱ्या सर्व्हरने तिथे नोंदवलेला पत्ताच जगाला दिसतो; सेटिंगमध्ये काय लिहिलंय याला त्यापुढे किंमत नाही.