जेवणाच्या सुट्टीतली पाच मिनिटे

वर्धा जिल्ह्यातल्या जामच्या चौरस्त्यावर थोडा वेळ उभे राहिले, तर नागपूर-हैदराबाद महामार्गावरून एकामागून एक कंटेनर जाताना दिसतात. आत कापड असो की यंत्राचे सुटे भाग, पेटी ठरलेल्या मापाची. म्हणूनच ती ट्रकवरून रेल्वेवर आणि रेल्वेवरून जहाजावर जशीच्या तशी चढते.

सॉफ्टवेअरसाठीही अशीच पेटी हवी, हा विचार सॉलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सांता क्लारा येथे, पायथन भाषेच्या ‘पायकॉन’ परिषदेत मांडला. एका संगणकावर नीट चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडतो, हे दुखणे प्रत्येक प्रोग्रॅमरच्या ओळखीचे. हाइक्स यांनी पडद्यावर एक आज्ञा टाइप केली आणि त्या पेटीतून ‘हॅलो वर्ल्ड’ एवढेच शब्द उमटवून दाखवले. त्यांना वेळ मिळाला होता पाच मिनिटांचा. पेटीचे नाव होते डॉकर, म्हणजे गोदी कामगार. आज जगभरातल्या सर्व्हरवर हे तंत्र रुळले आहे.

अशा छोट्या भाषणाला ‘लायटनिंग टॉक’ म्हणतात. हे नाव मार्क जेसन डॉमिनस यांनी २००० साली पिट्सबर्गला पर्ल भाषेच्या परिषदेत रूढ केले. मुख्य भाषणासाठी महिनोन् महिने आधी प्रस्ताव पाठवावा लागतो, निवड समितीची वाट पाहावी लागते. लायटनिंग टॉकसाठी बहुतेक ठिकाणी सकाळी फळ्यावर नाव लिहिले की झाले. एकाचे बोलणे चालू असतानाच पुढचा वक्ता लॅपटॉप जोडायच्या तयारीत असतो. वेळ संपला की टाळ्या सुरू होतात, मग वाक्य अर्धे राहिले तरी चालते.

जेवणाची सुट्टी या प्रकाराला फार मानवते. मंचावर प्रश्नोत्तरांना वेळ नसतो, पण हातात ताट घेऊन रांगेत उभ्या असलेल्या वक्त्याला कोणीही गाठू शकते. खरी चर्चा तिथेच रंगते.

पाच मिनिटांत प्रस्तावनेला जागा नसते. गॅरी बर्नहार्ट यांनी २०१२ मध्ये कोडमॅश परिषदेत जेमतेम चार मिनिटांत जावास्क्रिप्ट या भाषेचे विचित्र वागणे दाखवले. दोन रिकाम्या याद्यांची बेरीज केली, तर उत्तर यादी येत नाही, रिकामी अक्षरमालिका येते! सभागृह हसून लोटपोट झाले. ‘वॉट’ नावाचे ते भाषण प्रोग्रॅमर अजून एकमेकांना दाखवतात, आणि भाषेच्या आत काय घडते याचा शोध त्या हसण्यातूनच सुरू होतो.

आपल्याकडे पायकॉन इंडिया २००९ मध्ये बंगळुरात सुरू झाली आणि २०११ मध्ये पुण्यात भरली. लायटनिंग टॉक हा या परिषदेचा ठरलेला भाग आहे. आजवर फक्त ऐकणारा माणूस पहिल्यांदा माईक हातात घेतो तो बहुधा याच सत्रात. अर्धवट काम घेऊन उभे राहण्याची मुभा देणारी दुसरी जागा परिषदेत नसते, आणि या प्रकाराचे खरे मोल तेच आहे.

त्यासाठी पुणे-बंगळुरू गाठायलाच हवे असे नाही. वर्धा, सेवाग्राम, हिंगणघाटच्या महाविद्यालयांनी आठवड्यातून एकदा जेवणाच्या सुट्टीत एक वर्ग, एक प्रोजेक्टर आणि एक घड्याळ द्यावे. बोलणे मराठीत असावे, आणि फळ्यावर पहिले नाव कधीच मंचावर न गेलेल्या विद्यार्थ्याचे असावे.