समजून घ्या : उन्हाळ्यात परसबागेने भाजी दिली किती आणि पाणी प्यायले किती?

‘यंदा भेंडी भरपूर आली’ असे एप्रिल-मेमध्ये मावळातल्या अनेक घरांत ऐकू येते. तळेगाव, वडगाव, कामशेत ते लोणावळा या लोकलच्या पट्ट्यात बंगल्याच्या मागे किंवा रो-हाऊसच्या कुंपणालगत चार वाफे काढून भाजी लावणारे बरेच आहेत. पण भरपूर म्हणजे किती? पाच किलो की पंधरा? आणि त्यासाठी पाणी किती गेले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने तरी मिळते, दुसऱ्याचे मिळतच नाही. उन्हाळ्यात मात्र तोच प्रश्न महागडा असतो, कारण भेंडीला पाण्याची सर्वाधिक गरज असते नेमकी त्याच दिवसांत सोसायटीच्या गेटवर टँकर उभा असतो.

पाऊस एवढा, मग पाण्याची चिंता कशाला?

लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून पुण्याच्या दिशेने जेमतेम ३० किलोमीटरवर तळेगाव आहे. तिथे पोहोचेपर्यंत हा आकडा निम्म्याहूनही बराच खाली येतो. शिवाय दोन्हीकडे तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. पवना धरण मावळातच आहे, पण त्यावर पिंपरी-चिंचवडचीही तहान भागते. त्यामुळे ‘आमच्याकडे पाण्याला काय तोटा’ हे वाक्य ऑगस्टमध्ये खरे आणि मेमध्ये खोटे ठरते.

१०० चौरस फुटांचा हिशेब

एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर. एवढे लक्षात ठेवले की पुढचे गणित सोपे आहे. १०० चौरस फूट म्हणजे साधारण ९.३ चौरस मीटर. कडक उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्यातून बाष्पीभवनाने आणि पानांवाटे मिळून दिवसाला ६ मिलिमीटर पाणी जाते असे धरू. मग रोज ५६ लिटर, म्हणजे मोठ्या चार बादल्या लागतात. ९० दिवसांचे होतात सुमारे ५,००० लिटर. १० हजार लिटरचा टँकर आला तर त्यातला निम्मा एकट्या बागेचा. रोपे लहान असताना पाणी कमी लागते, वारा सुटला की जास्त, त्यामुळे हा आकडा ढोबळच आहे. पण अंदाजपंचे पाणी घालण्यापेक्षा ढोबळ आकडाही बरा.

आता भाजीचे पाहू. शेतात उन्हाळी भेंडी हेक्टरी १० टन धरली तर चौरस मीटरला एक किलो पडते. परसबागेत दोडका, काकडी, दुधी मांडवावर चढवले तर त्याच जागेतून जास्त निघते. समजा, सगळे मिळून तीन महिन्यांत १८ किलो भाजी आली. म्हणजे एका किलोमागे सुमारे २७८ लिटर पाणी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ माणसाच्या ताटात दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. चौघांच्या घराला ९० दिवसांत १४४ किलो. म्हणजे बागेने भागवला आठवा हिस्सा. ‘भाजी आता विकत आणावी लागत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा हा आकडा पाहावा. हिरमुसायचे कारण नाही. आठवा हिस्साही कमी नाही, फक्त तो आठवा आहे हे माहीत असावे.

नोंद ठेवायची कशी?

स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा आणि फोनमधली स्प्रेडशीट पुरते. स्प्रेडशीटचा कंटाळा असेल तर ओट्याजवळ टांगलेली वही. पाच रकाने पुरेत : तारीख, भाजी, वजन, पाणी आणि शेरा. त्याहून जास्त काढले की पंधरा दिवसांत वही बंद पडते.

वजनाचा नियम मात्र पहिल्याच दिवशी ठरवावा लागतो. माठ मुळासकट उपटून तोलला आणि पुढच्या वेळी निवडून तोलला तर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. निवडलेली, शिजवायच्या बेताची भाजी तोलणे उत्तम. शेजारी दिलेले दोडकेही आधी काट्यावर ठेवावेत, नाहीतर सगळ्यात भरघोस आलेला आठवडा कागदावर सगळ्यात कोरडा दिसतो! किंमत लिहायची असेल तर त्या दिवशीचा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचा भाव लिहावा. बाजार समितीतला घाऊक भाव घरच्या हिशेबाला उपयोगाचा नाही.

पाणी मोजायला मीटर लागत नाही. पाइपने एक बादली भरायला किती सेकंद लागतात ते एकदा मोजायचे. पुढे फक्त वेळ लिहायची. वळवाची सर आली तर उघड्यावर ठेवलेल्या सरळ कडांच्या डब्यात पट्टी बुडवून पाहावे. १० मिलिमीटर म्हणजे १०० चौरस फुटांवर ९३ लिटर फुकट आले.

शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचे?

खरी माहिती इथेच साठते. लोणावळा-खंडाळ्यात या रकान्यात हमखास येणारा शब्द म्हणजे ‘वानर’. भाजी लागलीच नाही आणि लागलेली कोणीतरी खाल्ली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हीकडे वजन शून्यच दिसते. पण पहिलीवर उपाय खत-पाण्याचा, दुसरीवर जाळीचा.

दुसरी नोंद तापमानाची. दिवसाचा पारा ३५ अंशांपुढे गेला आणि रात्रही उबदार राहिली की टोमॅटोची फुले गळतात. झाड हिरवेगार, फळ नाही. मग खताला दोष दिला जातो आणि आणखी एक पिशवी विकत येते. तारखेपुढे कमाल-किमान तापमान लिहिले असेल तर खरा दोषी सापडतो. हवामान विभागाच्या ‘मेघदूत’ ॲपवर जिल्ह्याचा अंदाज आणि पीक सल्ला मिळतो. मात्र घाटमाथ्याजवळ सुमारे ६२० मीटर उंचीवरचे लोणावळे आणि तळेगाव यांचा उन्हाळा सारखा नसतो. त्यामुळे कुंपणाच्या सावलीत टांगलेला साधा तापमापक जास्त कामाचा. तळेगावच्या मैत्रिणीची वही लोणावळ्यात जशीच्या तशी चालत नाही, ती याच कारणाने.

भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या तर ती तारीखही लिहावी. हा हळद्या किंवा केवडा नावाचा विषाणूजन्य रोग असून तो पांढरी माशी पसरवते. त्याला तोंड देण्यासाठीच परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ हे वाण काढले. पेरणीच्या दिवशी वाणाचे नाव लिहिले नसेल, तर कोणती भेंडी टिकली आणि कोणती गेली हे पुढच्या वर्षी कोणालाच सांगता येणार नाही.

हे खूळ नवे आहे का?

मुळीच नाही. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी १९६० च्या दशकापासून ‘प्रयोग परिवार’ उभा केला. शेतकऱ्याने स्वतः प्रयोग करावा, मोजावे आणि आपले आकडे इतरांसमोर ठेवावेत, ही त्यामागची कल्पना. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांनी ती उचलून धरली. पानावर पडणारे ऊन आणि हाती येणारे उत्पादन यांचे नाते ते आकड्यांत मांडत आणि घराच्या गच्चीलाही शेतीच मानत. खुद्द मावळात तर वाफा मोजण्याची परंपराच आहे. घराघरात शिजणारा इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आला. छोट्या-छोट्या वाफ्यांतले उत्पादन वर्षानुवर्षे तोलल्याशिवाय असे वाण हाती येत नाही.

आकडे हाती आले, पुढे काय?

प्रत्येक भाजीचे वजन तिच्या वाफ्याच्या पाण्याने ताडून पाहायचे. पालेभाज्यांत माठ २५ ते ३० दिवसांत कापणीला येतो, मेथी-कोथिंबीर उन्हात रुसते आणि फुलोऱ्यावर जाते. भेंडीचा पहिला तोडा ४५ ते ५० दिवसांनी येतो. नंतर ती एक दिवसाआड तोडावीच लागते. शनिवार-रविवारीच लोणावळ्याच्या बंगल्यावर येणाऱ्यांच्या वहीत म्हणूनच जून, दोरेदार भेंडीच जास्त दिसेल. अशा घरांनी भेंडी सोडून आठवडाभर वेलावर थांबू शकणारा भोपळा लावलेला बरा. गवार कमी पाण्यावर तगते, पण तोडायला वेळ खाते. ज्याची सकाळ रिकामी असेल त्यानेच तिच्या नादी लागावे.

पाणी कमी करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग आच्छादन. वाळलेला पालापाचोळा, भाताचा पेंढा किंवा भातगिरणीवरचे तूस दोन-तीन इंच पसरले की माती झाकली जाते आणि बाष्पीभवन घटते. किती घटते, हे आपल्याच बागेत कळू शकते. एक वाफा झाकायचा, एक उघडा ठेवायचा. दोन्हींत भेंडीच. बोटभर खोल माती कोरडी लागली तरच पाणी द्यायचे आणि दोन्हींचे वेगवेगळे लिहायचे.

हे सगळे जूनच्या सुरुवातीपर्यंतच. लोणावळ्याकडे पाऊस एकदा लागला की उन्हाळी वाफ्यात पाणी साचते आणि मुळे कुजू लागतात. त्याआधी मांडव उतरवायचा. चांगल्या निघालेल्या झाडावर भेंडीच्या दोन-तीन शेंगा मेमध्येच वाळायला सोडायच्या आणि पाऊस येण्याआधी काढून बाटलीत भरायच्या. पाकिटावर ‘हायब्रीड’ लिहिलेले असेल तर हा खटाटोप नको, त्या बियांची पुढची झाडे एकसारखी निघत नाहीत. सरळ वाणाचे बी असेल तर बाटलीला चिठ्ठी लावायची : वाणाचे नाव, तारीख आणि त्या झाडाने एकूण दिलेले ग्रॅम.