सिंहगडाचा पाऊस पळसदेवला

पुणेकराला इतिहास बघायचा म्हणजे वर चढायचं असतं. सिंहगड, राजगड, तोरणा, लोहगड, सगळीकडे घाम गाळून माथा गाठायचा. पळसदेवला उलटा प्रकार आहे. ते ज्या इंदापूर तालुक्यात आहे तिथे डोंगरी किल्ला नाही. इंदापूरची मालोजीराजांची गढीसुद्धा सपाटीवरची. इथे इतिहासाकडे जायचं तर उतरायचं, तेही धरणात.

पुणे-सोलापूर रस्त्याने भिगवण मागे टाकलं की डाव्या हाताला उजनीचं पाणी दिसू लागतं. भीमेवरचं हे धरण सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. 1980 साली ते पूर्ण झालं आणि त्याचा फुगवटा, म्हणजे यशवंतसागर, वर पार पुणे जिल्ह्यात शिरला. नदीकाठचं जुनं पळसदेव त्यात गेलं. गाव वर सरकलं, रस्त्याच्या कडेला नव्याने वसलं. पळसनाथाचं जुनं मंदिर मात्र जागेवरच राहिलं. उन्हाळ्यात पाणी ओसरू लागलं की आधी त्याचं शिखर मोकळं होतं, आणि टंचाईच्या वर्षी भिंती, पायऱ्या, अंगण, सगळंच वर येतं. 2024 च्या उन्हाळ्यात ते असंच मोकळं झालं होतं आणि भेगाळलेल्या गाळातून चालत माणसांची रीघ लागली होती.

मंदिर बुडवणारं पाणी येतं कुठून, ही गोष्ट मला मंदिराहून कमी अद्भुत वाटत नाही. इंदापूर अवर्षणाचा तालुका. इथल्या पावसावर उजनी भरायची म्हटलं तर भरून उरेल ती निराशाच. पाणी येतं सह्याद्रीतून, म्हणजे आपण पायथ्याला गाडी लावून चढतो त्याच गडांच्या अंगाखांद्यावरून. शिवनेरीचा पाऊस कुकडीत, कुकडी घोड नदीत आणि घोड भीमेत. लोहगडाच्या एका उतारावरचा इंद्रायणीला, दुसऱ्यावरचा पवनेला. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, पवना मुळेत शिरते आणि पुढे मुळा-मुठा होऊन भीमेकडेच येते. सगळं मिळून दौंडवरून खाली पळसदेवला. पण लोहगडापासून फार लांब नसलेल्या राजमाचीचं पाणी कोकणाकडे उतरून उल्हास नदीतून अरबी समुद्राला जातं. भीमेत पडलेला थेंब मात्र कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराला निघतो. (यात माणसानेही हात घातलाय. मुळशी धरणाचं पाणी टाटांच्या वीजनिर्मितीसाठी कोकणात सोडलं जातं. ज्याच्याविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांचा सत्याग्रह सुरू झाला ते हेच धरण.)

सिंहगड तर पाणलोटाच्या धारेवरच बसलाय. पुणे दरवाजाच्या अंगाला पडलेली सर खडकवासल्याच्या बाजूला उतरते, मुठेत जाते आणि अखेर पळसनाथाच्या डोक्यावर येऊन थांबते. कल्याण दरवाजाच्या अंगाला पडलेली सर शिवगंगेतून गुंजवणीत, तिथून नीरेत. राजगड आणि तोरण्याचं पाणीही नीरेचंच. नीरा उजनीला चुकवून जाते आणि धरणाच्या खाली भीमेला मिळते ती नीरा नरसिंहपूरला. नरसिंहपूरही इंदापूर तालुक्यातच आहे! गडाच्या दोन दरवाजांशी फारकत घेतलेल्या दोन सरी शेकडो किलोमीटरचा फेरा मारून एकाच तालुक्यात पुन्हा भेटतात आणि पंढरपूरला चंद्रभागा म्हणून बरोबर जातात.

आता मंदिर दरवर्षी पुरतं उघडं का पडत नाही, ते पाहू. उजनी म्हणजे घागर नव्हे, परात आहे. पूर्ण भरलेल्या जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून 496.83 मीटर, आणि उपयुक्त साठा संपतो ती पातळी 491.03 मीटर. फरक जेमतेम 5.8 मीटरचा, दोन मजली घराएवढा. पण तेवढ्या थरात 53.57 टीएमसी पाणी मावतं. त्याखाली आणखी 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा. नाव मृत असलं तरी तोही गरजेला नदीत सोडला जातो. म्हणून उजनीची टक्केवारी उणे होते आणि पेपरात ‘उणे 40’, ‘उणे 50’ असे आकडे येतात. मंदिर पुरतं मोकळं झालं त्या 2024 मध्ये ती उणे 60 च्या आसपास गेली होती; दरवर्षी ती एवढी खाली जात नाही. म्हणजे धरण कोरडं नव्हतं, 30 टीएमसीच्या वर पाणी शिल्लक होतं. अशा उथळ परातीचा काठ फूटभर पाणी उतरलं तरी लांब सरकतो. त्या उघड्या चिखलावर भिगवण-कुंभारगावला रोहित पक्षी चरतात, गाळपेरीची पिकं उभी राहतात आणि मंदिराकडे वाट होते.

चार दशकांहून अधिक काळ हे बुडणं-निघणं सोसून मंदिर उभं कसं? तळाचं बांधकाम घडीव काळ्या दगडाचं, वर शिखर विटांचं. आपल्याकडे अशा प्रत्येक मंदिराला हेमाडपंती म्हणायची सवय आहे, मग ते यादवांचा प्रधान हेमाडपंत याच्या आधीचं असो की नंतरचं. या बांधणीत दगडावर दगड बसतो तो मुख्यतः स्वतःच्या भाराने. आणि पाण्यात गंमत होते. बेसॉल्ट पाण्याच्या जवळपास तिप्पट जड, त्यामुळे बुडालेल्या प्रत्येक चिऱ्याचं वजन सुमारे एक तृतीयांशाने घटतं. धरण भरलं की अख्खं मंदिर हलकं होतं, उन्हाळ्यात पुन्हा जड! दाबणारा भार आणि धरून ठेवणारं घर्षण दोन्ही एकाच प्रमाणात घटतात, म्हणून तोल ढळत नाही. गाभाऱ्यातही पाणी, बाहेरही पाणी, त्यामुळे भिंतीला एका बाजूने रेटा बसत नाही. शिवाय पाण्याखाली पिंपळ उगवत नाही आणि घरासाठी चिरे उचलून न्यायला कोणी येत नाही. कोरड्यातल्या कितीतरी मंदिरांना या दोघांनीच संपवलंय.

खरा धोका पाण्याच्या रेषेवर असतो. तिथे लाटा आपटतात, वीट भिजते, वाळते, पुन्हा भिजते. काळी माती फुगते आणि आकसते. त्यामुळे मला शिखराची काळजी जोत्यापेक्षा जास्त वाटते. त्यावर चढून फोटो काढणाऱ्यांना हे सांगायला हवं.

जायचं तर मेअखेरीस किंवा पाऊस सुरू व्हायच्या बेतात, आणि आधी त्या वर्षीची टक्केवारी बघून. वरून कोरडा दिसणारा गाळ आत ओला असतो. कुठून चालायचं आणि कुठून होडी घ्यायची ते काठावरच्या मासेमारांना विचारावं. एकदा घाटात झड लागली की बंडगार्डन आणि दौंडच्या विसर्गाचे आकडे रोज येऊ लागतात, आणि पळसदेवच्या आभाळात ढग नसतानाही मंदिराच्या पायऱ्यांशी पाणी चढू लागतं.